कात्रीने कापलेली स्ट्रिप

(महिन्याच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांना माझ्याकडून आर्टिफिशियल इंटेलिजन्सवर भाषण हवं होतं. सॉफ्टवेअरवाला माणूस म्हटल्यावर ते साहजिक आहे. मी म्हटलं, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत, मला टीबीवर बोलू द्या. पलीकडे जरा शांतता झाली. मग त्यांनी विचारलं, "पण तुम्ही डॉक्टर नाही ना?" नाही, मी डॉक्टर नाही. कुणी कोणतं औषध घ्यावं हे मी आज सांगणार नाही. मी एक हिशेब सांगणार आहे. टीबीचे जंतू औषधाला जुमानेनासे कसे होतात, त्याचा हिशेब. तो मला फार उशिरा कळला. कळायच्या आधी माझ्याच हातून त्यात भर पडून गेली होती.

२००८ सालची गोष्ट. आम्ही मूळचे सोलापूरचे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला मी भिवंडीत चाचांकडे राहायला होतो. चाचा यंत्रमागावर कामाला. बारा तासांची पाळी, मीटरवर मजुरी, आणि दहा बाय बाराच्या खोलीत चाचा, चाची, त्यांची नऊ वर्षांची मुलगी आणि मी. पावसाळ्यात चाचांना खोकला लागला. कापसाचं तूस छातीत जातं, मागावर सगळेच खोकतात, म्हणून दोन महिने कुणी मनावर घेतलं नाही. मग ताप आणि वजन उतरणं सुरू झालं. गल्लीतल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढायला लावला आणि टीबी आहे म्हणून सांगितलं.

सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळत होतं, हे आम्हाला माहीत होतं. तेव्हा आठवड्यातून तीन दिवस केंद्रावर जाऊन समोर गोळ्या घ्याव्या लागायच्या. ती वेळ आणि पाळीची वेळ एकच. शिवाय चाचींचं म्हणणं होतं की सरकारी कागदावर नाव चढलं की मोहल्ल्यात होणार, आणि उद्या मुलीचं लग्न ठरवताना तेच पुढे येणार. तेव्हा खाजगीच बरं. डॉक्टरांनी औषधं सुटी लिहून दिली. त्यात एक छोटी पांढरी गोळी होती, आयसोनियाझिड, आणि एक लाल कॅप्सूल, रिफाम्पिसिन. लाल कॅप्सूल महाग. ती घेतली की लघवी नारिंगी होते. चाचा पहिल्या दिवशी त्यानेच घाबरले होते.

पंधरा दिवस सगळी औषधं आणली. मग मंदी आली, माग बंद राहायला लागले, आठवड्याची मजुरी अर्ध्यावर आली. एका संध्याकाळी चाचांनी माझ्या हातात पैसे ठेवले आणि म्हणाले, "बेटा, तू शिकलेला आहेस. यातली मुख्य गोळी कोणती ते मेडिकलवाल्याला विचार आणि तेवढीच घेऊन ये." मी विचारलं. काउंटरवरच्या माणसाने पांढरी गोळी दाखवली. म्हणाला, ही मेन आहे, ही चालू ठेवा. स्ट्रिप काढली, कात्रीने अर्धी कापली, पुडीत बांधून दिली. पुढचे अडीच महिने मीच जाऊन ती अर्धी स्ट्रिप आणत होतो.

आणि चाचा बरे झाले! हे नीट ऐका, कारण सगळी गफलत इथेच होते. खोकला कमी झाला, भूक लागायला लागली, वजन वाढलं. चौथ्या महिन्यात त्यांनी ती पांढरी गोळीही सोडली. मला तर वाटलं, बघा, उरलेली औषधं डॉक्टर उगाचच देत होते.

आता हिशेब. आकडे ढोबळ आहेत आणि मी ते सोपे करून सांगतोय. ते पहिले पंधरा दिवस तूर्त बाजूला ठेवतो. टीबीने फुप्फुसात पोकळी पडते. अशा एका पोकळीत दहा कोटी जंतू सहज असतात. जंतूचं विभाजन होताना त्याच्या डीएनएची नक्कल होते आणि नक्कल करताना चुका होतात. कुठेतरी एखादं अक्षर बदलतं. बहुतेक चुका निरुपयोगी किंवा जंतूलाच घातक असतात. पण साधारण दहा लाखांत एक जंतू असा निघतो की त्याच्यावर पांढऱ्या गोळीचा परिणाम होत नाही. लाल कॅप्सूलला दाद न देणारा जंतू दहा कोटींत एक. दहा कोटींना दहा लाखांनी भागा. शंभर आले. म्हणजे चाचांनी पहिली गोळी तोंडात टाकायच्याही आधी पांढऱ्या गोळीला न जुमानणारे शंभरेक जंतू त्यांच्या छातीत बसलेलेच होते.

नुसती पांढरी गोळी दिली की काय होतं? नऊ कोटी नव्याण्णव लाखांहून जास्त जंतू मरतात. माणसाला बरं वाटणारच! राहतात ते शंभर. टीबीचा जंतू आळशी आहे. त्याच्या एका विभाजनाला जवळजवळ एक दिवस लागतो. पण दोनाचा विसावा घात साडेदहा लाखांच्या आसपास जातो, हे आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना तोंडपाठ असतं. शंभर गुणिले साडेदहा लाख, पुन्हा साडेदहा कोटी. कागदावर वीस दिवसांत. प्रत्यक्षात शरीर लढतं, जंतू मरतही राहतात, म्हणून महिने लागतात. पण शेवटी पोकळी परत भरते, आणि या वेळी तिच्यातला प्रत्येक जंतू पांढऱ्या गोळीला न जुमानणारा असतो.

आता दोन्ही औषधं पहिल्यापासून एकत्र दिली असती तर? दोन्हींना पुरून उरणारा जंतू जन्माला यायला दोन वेगवेगळ्या चुका एकाच जंतूत व्हायला हव्यात. शक्यतांचा गुणाकार करायचा. दहा लाख गुणिले दहा कोटी. एकावर चौदा शून्यं. इतके जंतू कुणाच्याच छातीत नसतात. म्हणून टीबीला एका वेळी तीन-चार औषधं देतात. मला वाटायचं की ती 'जास्त ताकद' म्हणून देतात. तसं नाही. प्रत्येक औषध दुसऱ्या औषधाची राखण करत असतं. पांढऱ्या गोळीतून सुटलेले शंभर लाल कॅप्सूल मारते, लाल कॅप्सूलमधून सुटलेला एखादा पांढरी गोळी मारते. मी त्या राखणदारांपैकी एकाला घरी पाठवलं होतं, कारण तो महाग होता.

पुढची गोष्ट लवकर सांगतो. २००९ मध्ये खोकला परत आला. आधीचे डॉक्टर गाव सोडून गेले होते. दुसऱ्या डॉक्टरांनी पांढरी गोळी चालू ठेवून लाल कॅप्सूल जोडली. दिसायला दोन औषधं, पण पांढरी निकामी झालेली, म्हणजे खरं तर एकच. आणि आता पोकळीत पांढरीला न जुमानणारे दहा कोटी, त्यांच्यात लालला न जुमानणारा एक. तो वाचला. पुन्हा तीन महिने बरं, पुन्हा खोकला. मग त्यात स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं जोडली. तिसऱ्यांदा तोच खेळ. फसलेल्या औषधांत दर वेळी एकेक नवं औषध टाकत जाणं, म्हणजे चोराला एका वेळी एकच कुलूप देणं. तो निवांत बसून ते उघडतो, मग तुम्ही पुढचं लावता.

त्या डॉक्टरांवर मी बरीच वर्षं राग धरून होतो. आता तेवढा नाही. फी थोडी घ्यायचे, रात्री-अपरात्री यायचे. त्यांचा हेतू वाईट नव्हता, हिशेब चुकीचा होता. आणि ते एकटे नव्हते. १९९१ साली मुंबईतल्या खाजगी डॉक्टरांच्या टीबीच्या प्रिस्क्रिप्शनचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. शंभर डॉक्टरांनी ऐंशी वेगवेगळ्या तऱ्हेने औषधं लिहिली होती. जवळजवळ वीस वर्षांनी डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धारावीतल्या १०६ डॉक्टरांना तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्रेसष्ट तऱ्हा निघाल्या. बरोबर प्रिस्क्रिप्शन लिहिणारे होते सहा जण. हा अभ्यास २०१० चा. माझे चाचा याच वर्षांत एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे फिरत होते.

याच उदवाडियांनी २०११ च्या शेवटी मुंबईतल्या हिंदुजा हॉस्पिटलमधल्या चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तपासून पाहिलेलं एकही औषध त्यांच्या जंतूंवर चालत नव्हतं. केवढा गदारोळ झाला होता! सरकारने आधी 'पूर्णपणे औषधरोधक' या शब्दालाच हरकत घेतली, जागतिक आरोग्य संघटनेनेही तो शब्द स्वीकारला नाही. शब्दावर वाद झाला तरी त्या बातमीने हलवाहलव झाली हे खरं. मे २०१२ मध्ये टीबीचा प्रत्येक रुग्ण कळवणं खाजगी डॉक्टरांनाही बंधनकारक झालं. २०१४ पासून टीबीची औषधं एच-वन या यादीत गेली. आता औषधविक्रेत्याने ती चिठ्ठीशिवाय देऊ नयेत आणि कुणाला दिली त्याची नोंद ठेवावी असा नियम आहे. आठवड्यातून तीनदा औषध देण्याची पद्धत बदलून रोज द्यावं, यासाठी एका डॉक्टरने सुप्रीम कोर्टात जनहित याचिका केली होती. जानेवारी २०१७ मध्ये कोर्टाने सरकारला तसा बदल करायला सांगितलं. सांगायचा मुद्दा, हे सगळं आपोआप झालेलं नाही.

आता एक समजूत काढून टाकायची आहे. ती आपल्या घरांत पक्की बसलेली आहे, आणि शिकलेल्या लोकांतही. 'शरीराला औषधाची सवय होते.' नाही. शरीराचा यात काही संबंध नाही. बदलते ती जंतूंची वस्ती. आणि त्यातही 'औषध बघून जंतू शहाणा होतो' असं नाही, शहाणे आधीच तिथे असतात. हे १९५२ साली जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या अमेरिकन दांपत्याने मखमलीच्या तुकड्याने दाखवून दिलं. विणकराच्या घरातला असल्यामुळे मला हा प्रयोग विशेष आवडतो. बशीत जंतूंच्या वसाहती वाढवल्या. एका ठोकळ्यावर मखमल ताणून बसवली आणि ती बशीवर शिक्क्यासारखी दाबली. मखमलीच्या उभ्या धाग्यांना प्रत्येक वसाहतीतले थोडे थोडे जंतू चिकटले, जिथल्या तिथे. मग तोच शिक्का औषध असलेल्या नव्या बशांवर उमटवला. प्रत्येक बशीत ठरावीक जागांवरच जंतू जगले, आणि त्या जागा सगळ्या बशांत सारख्या होत्या. आता मूळ बशीकडे परत जायचं. तिला औषधाचा थेंबही लागलेला नाही. तिच्यातल्या त्याच जागेचे जंतू उचलून तपासले तर तिथे औषधाला न जुमानणारे सापडतात. औषध त्यांना घडवत नाही, निवडतं.

मागच्या महिन्यात दुसऱ्या एका ठिकाणी मी हे सांगितलं तेव्हा एक बुजुर्ग म्हणाले, ही तर तुमची उत्क्रांतीची थिअरी झाली, आम्ही ती मानत नाही. मी म्हटलं, साहेब, मानू नका, पण लॅबचा रिपोर्ट तर वाचाल? आधी असलेला फरक, त्यातून निवड, आणि निवडलेल्यांची वाढ. डार्विनने सांगितलेली यंत्रणा हीच. फुप्फुसात ती काही महिन्यांत घडते. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला तेव्हा मला चाचांची केस-फाइल आठवली. आमच्या मोहल्ल्यातली बरीच पोरं दहावीपुढे विज्ञान शिकत नाहीत. त्यांच्यातलाच एखादा उद्या मेडिकलच्या काउंटरवर कात्री घेऊन बसणार आहे.

हे सगळं जगाला नवीन होतं असंही नाही. टीबीवरचं पहिलं खरं प्रतिजैविक म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन. ते १९४३ मध्ये सापडलं. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने त्याची नीट चाचणी घेतली, १९४८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. एका गटातल्या ५५ जणांना औषध, दुसऱ्या गटातल्या ५२ जणांना त्या काळच्या रिवाजाप्रमाणे नुसती विश्रांती. सहा महिन्यांत औषधाच्या गटात चार जण दगावले, विश्रांतीच्या गटात चौदा. आनंदाची बातमी! पण त्यांनी त्याच रुग्णांवर पुढे पाच वर्षं लक्ष ठेवलं. तोवर औषधाच्या गटातले ३२ गेले होते आणि दुसऱ्या गटातले ३५. एवढ्या मोठ्या औषधाची बढत जवळजवळ पुसली गेली, कारण एकट्या औषधाला न जुमानणारे जंतू बहुतेकांच्या छातीत वाढले होते. म्हणून लगेच पुढच्या चाचणीत स्ट्रेप्टोमायसिनला पास या दुसऱ्या औषधाची जोड दिली, आणि जंतू असे निसटणं एकदम कमी झालं. म्हणजे माझ्या हातात ती पुडी पडली त्याच्या साठ वर्षं आधी जगाला या प्रश्नाचं उत्तर माहीत होतं.

इतर जंतूंची तऱ्हा थोडी वेगळी असते, ती दोन वाक्यांत सांगतो. टीबीचा जंतू आपली करामत फक्त आपल्या वंशजांना देतो. पण आतड्यातले, लघवीच्या संसर्गातले कित्येक जंतू डीएनएची छोटी कडी करून ती शेजारच्या, अगदी दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देतात. सरळ कॉपी-पेस्ट. त्यामुळे सर्दीसाठी घेतलेलं अँटिबायोटिक त्या सर्दीच्या विषाणूचं काही बिघडवत नाही, पण पोटातल्या जंतूंमध्ये निवड करून जातं. कोविडमध्ये आपल्यापैकी किती जणांच्या घरी अझिथ्रोमायसिन होतं, हात वर करा. बघा. कोंबड्यांच्या खाद्यात कोलिस्टिन घालायचे, माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेलं औषध. सरकारने २०१९ मध्ये त्यावर बंदी घातली. आणि 'कोर्स पूर्ण करा' हे वाक्य टीबीला अगदी शंभर टक्के लागू आहे, पण प्रत्येक आजारात जास्त दिवस औषध घेणं चांगलंच असं नाही. किती दिवस, ते त्या आजाराच्या डॉक्टरला ठरवू द्या. हा विषय मोठा आहे, पुन्हा कधीतरी.

चाचांकडे येतो. २०११ मध्ये त्यांची थुंकी कल्चरला गेली. टीबीचा जंतू सावकाश वाढतो, त्यामुळे रिपोर्ट यायला काही महिने लागले. एमडीआर. पांढरी आणि लाल, दोन्ही निकामी. मग सरकारी उपचार सुरू झाले, दोन वर्षांचे, त्यात सुरुवातीचे कित्येक महिने रोज कानामायसिनचं इंजेक्शन. या इंजेक्शनने कान जातात, कायमचे. चाचांचे तिसऱ्या महिन्यात गेले. मागाच्या खडखडाटात वीस वर्षं काढलेला माणूस, आधी त्यांना स्वतःलाही कळलं नाही. नंतर ते मोबाइलच्या पडद्यावर अजानची वेळ बघायचे, आणि मशिदीत शेजारचा उठला की उठायचे. २०१३ मध्ये ते गेले. शेवटपर्यंत त्यांनी त्या स्ट्रिपबद्दल मला एक शब्द बोलून दाखवला नाही. त्यांना ते माहीतच नसावं. मलाही तेव्हा माहीत नव्हतं.

नंतर २०२१. तीच नऊ वर्षांची मुलगी आता बावीस वर्षांची, बी.कॉम. झालेली. तिचं नाव मी घेणार नाही, पण ही गोष्ट सांगायला तिनेच सांगितलंय. तिला खोकला सुरू झाला. कोविडची टेस्ट निगेटिव्ह आली, घरातल्या सगळ्यांनी निःश्वास सोडला. मी पुण्याहून फोनवर म्हटलं, थुंकी तपास. आता सरकारी दवाखान्यात जीनएक्सपर्ट मशीन असतं. ते जंतूचा डीएनए शोधतं आणि लाल कॅप्सूल चालेल की नाही हे दोनेक तासांत सांगतं. चाचांच्या वेळी त्याच उत्तराला महिने लागले होते. उत्तर आलं, लाल चालणार नाही. पुढच्या तपासणीत पांढरीही नाही.

तिने आयुष्यात टीबीची एक गोळी चुकवली नव्हती, कारण तिने टीबीची गोळी कधी खाल्लीच नव्हती. तिच्या वाट्याला आला तो आधीच निवडून निवडून तयार झालेला जंतू. तो वडिलांकडूनच आला हे मी सिद्ध करू शकत नाही. टीबीचा जंतू शरीरात दहा-बारा वर्षं गप्प बसू शकतो, आणि भिवंडीत खोकणारे इतरही आहेत. पण त्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही चौघं झोपत होतो आणि खिडकी एकच होती, ती पावसाळाभर बंद. मीही त्याच खोलीत होतो. मला काही झालं नाही. यात माझी काही हुशारी नाही.

हे मी इथे, या व्यासपीठावर सांगतोय त्याचं कारण हेच आहे. टीबीचा विषय निघाला की आपण दोनच गोष्टी ऐकतो. बाहेरचे म्हणतात, यांच्या वस्त्याच घाणेरड्या. आपले म्हणतात, रुग्ण बेफिकीर, औषधं सोडतात. दोन्ही वाक्यांत दोष आजारी माणसाच्या गळ्यात. औषध सुटतं तेव्हा मजुरी सुटलेली असते, पाळी आडवी आलेली असते, किंवा दवाखान्यातच साठा नसतो. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना टीबीची औषधं तीन महिने स्थानिक पातळीवर विकत घ्यायला सांगितलं होतं, कारण वरून येणारा पुरवठा लांबला होता. त्या काळात ज्याच्या गोळ्या खंडल्या त्याला बेफिकीर म्हणणार? आणि घरं. मुंबईत गोवंडीला पुनर्वसनाच्या इमारती एकमेकींना इतक्या खेटून बांधल्या आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही, हवा खेळत नाही. टीबीचा जंतू हवेतून जातो आणि उन्हात मरतो. ज्यांनी तो नकाशा मंजूर केला त्यांना टीबीच्या संदर्भात कुणी बेफिकीर म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

बहिणीला दीड वर्षाचा कोर्स मिळाला. इंजेक्शन नाही, सगळ्या गोळ्या. त्यात बेडाक्विलिन होतं. टीबीसाठी चाळीसएक वर्षांत आलेलं पहिलं नव्या जातीचं औषध. त्याची एक गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांना माहीत हवी. या औषधावरची मक्तेदारी आणखी काही वर्षं वाढवून मिळावी म्हणून कंपनीने भारतात अर्ज केला होता. त्याला दोन बायकांनी हरकत घेतली, मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले. दोघी टीबीतून वाचलेल्या, दोघींचे कान टीबीच्या औषधांनी गेलेले. आपल्या पेटंट कायद्यात कुणालाही अशी हरकत घेता येते. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. मी ती बातमी बहिणीला पाठवली तेव्हा तिचं उत्तर आलं, "अब्बूंसारख्याच."

तिचा कोर्स सोपा नव्हता. क्लोफाझिमिनने चेहरा काळवंडला. लग्नाचं बोलणं चालू होतं, ते लोक एकदा येऊन गेले आणि परत आले नाहीत. लिनेझोलिडने पायांना मुंग्या यायच्या, रात्री झोप नाही. रमजानमध्ये चाचींनी हट्ट धरला की रोजे ठेव, बरकत होईल. आजाऱ्याला रोजा माफ आहे, नंतर भरून काढता येतो, हे सगळ्यांना माहीत असतं, तरी घरात बोलायला कुणी धजत नाही. शेवटी आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांनी चाचींना फोनवर समजावलं. त्यांनी पुढच्या जुम्म्याला तेच सगळ्यांसमोर सांगितलं. त्यानंतर दोन घरांतून लोक विचारायला आले, त्यातल्या एका घरात वीस दिवसांपासून गोळ्या बंद होत्या.

आता ती बरी आहे. चेहऱ्याचा रंगही बराच परत आला. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने सहा महिन्यांचा नवा कोर्स मंजूर केला, चार औषधांचा, त्यातही बेडाक्विलिन आहे. दोन वर्षांवरून सहा महिने, फार मोठी गोष्ट आहे. पण बेडाक्विलिनला न जुमानणारे जंतू जगात आत्ताच सापडू लागलेत. हिशेब तोच, औषध कितीही नवं असो.

बहीण हल्ली सुट्टीच्या दिवशी आरोग्यसेविकांबरोबर घरोघर जाते. ती आधी गोळ्या दाखवा म्हणत नाही, पाणी मागते, बसते. मग हळूच विचारते, लघवीचा रंग कसा येतोय. साध्या टीबीच्या कोर्समध्ये लाल औषध असतं, आणि रंग नारिंगी नसेल तर तिला कळतं की कुठेतरी काहीतरी थांबलंय. मग ती रागावत नाही. विचारते, काम चालू आहे का, घरात पैसे आहेत का, पोषण आहाराचे सरकारी पैसे खात्यात जमा झाले का. बहुतेक वेळा झालेले नसतात. बँक खातं आधारला जोडलेलं नसतं, किंवा नावाचं स्पेलिंग जुळत नाही. ते काम मात्र मला येतं. तिने आतापर्यंत माझ्याकडे पाठवलेल्या अशा अकरा जणांची कागदपत्रं मी नीट करून दिली आहेत. या कामाला आणखी दोघं-तिघं मिळाले तर हवेच आहेत. कॉम्प्युटर येत असला की पुरे.

मराठी आणि उर्दू पत्रकं दाराजवळच्या टेबलावर आहेत. मालेगाव-भिवंडीची मंडळी उर्दूचा गठ्ठा घेऊन जा. प्रश्न असतील तर विचारा, फक्त औषध बदलायचं विचारू नका, त्यासाठी आज डॉक्टर मॅडम मागच्या रांगेत बसल्या आहेत.